झाडूचा गुत्ता: सफाईचं काम कंत्राटात गेलं कसं?

आजचा भाग एका व्हॉइस मेसेजपासून सुरू करतो. लातूरच्या एका श्रोत्यानं पाठवलाय. आवाज तरुण, मागे गाड्यांचे हॉर्न. म्हणतो, "दादा, अभ्यासिका टाकलीय. वरचे दोन मजले क्लासवाल्यांना दिलेत. दिवसभर पोरापोरींची ये-जा. संडास-बाथरूमची पार वाट लागलीय, पालक येऊन बोलून जातात. सफाईसाठी तीन एजन्सींची कोटेशन आलीत. एक महाग, एक मधलं अन् एक लई स्वस्त. स्वस्तवाल्याला देऊन टाकू का?"

आता तुम्ही म्हणाल, हा इतिहासाचा पॉडकास्ट, इथं फिनाईलचं काय काम? मलाही आधी तसंच वाटलं. मग उत्तर शोधायला बसलो आणि हैदराबाद, तुर्भे, दिल्ली, लंडन असं फिरून शेवटी नांदेडच्या सरकारी दवाखान्यात पोचलो.

सुरुवात शब्दापासून करू. पुण्या-मुंबईत म्हणतात कंत्राटदार, नाहीतर ठेकेदार. आपल्याकडे मराठवाड्यात म्हणतात गुत्तेदार. रस्त्याचा गुत्तेदार, शाळेच्या खोलीचा गुत्तेदार. हा शब्द दक्षिणेचा. कानडीत गुत्तिगे, तेलुगूत गुत्ता, अर्थ एकच: ठरलेल्या पैशावर घेतलेलं काम किंवा हक्क. नांदेड काय, लातूर काय, १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होते, आणि तिथे गुत्ता म्हटलं की पहिल्यांदा डोळ्यांपुढे यायचा आबकारीचा गुत्ता, म्हणजे ताडी-दारू विकण्याचा मक्ता. तो लिलावात जायचा. जो सरकारला सगळ्यात जास्त पैसे देईल, त्याला गुत्ता. मग तो माणूस ते पैसे वसूल कुठून करणार? पिणाऱ्याकडून अन् ताडी काढणाऱ्याकडून.

आजच्या टेंडरमध्ये हे उलटं झालंय. जो सगळ्यात कमी पैसे मागेल, त्याला काम. पण प्रश्न तोच राहतो. एवढ्या कमी पैशात तो कमावणार कुठून? सिमेंटच्या कामात सिमेंट कमी घालता येतं. सफाईच्या कामात मात्र सिमेंट नसतंच. तिथे जवळजवळ सगळा खर्च माणसाच्या पगाराचा. म्हणून कमी करायचं तर माणसातूनच कमी होतं.

ही गोष्ट देशातल्या सगळ्यात मोठ्या कोर्टात पोचली ती मुंबईतल्या एका तेल शुद्धीकरण कारखान्यामुळे. तुर्भ्याला, म्हणजे मुंबईच्या ट्रॉम्बेला, स्टँडर्ड व्हॅक्युम कंपनीची रिफायनरी १९५४ साली सुरू झाली. पुढे तिची एस्सो झाली, १९७४ ला सरकारनं घेतली आणि आज ती हिंदुस्थान पेट्रोलियम. या रिफायनरीत यंत्रं आणि आवार साफ करायचं काम कंपनीनं कंत्राटदाराला दिलेलं होतं. काम रोजचं. तेलाच्या कारखान्यात साफसफाई एक दिवस जरी चुकली तरी धोका. पण ते करणाऱ्या माणसांना पगार कंपनीच्या साध्या कामगारापेक्षाही खूप कमी. पीएफ नाही, बोनस नाही, हक्काची रजा नाही. आणि कंत्राट वर्षा-वर्षाचं, त्यामुळे पुढच्या वर्षी आपण असू का नसू, याचा भरवसा नाही.

गंमत बघा. हे भांडण काढलं ते कंपनीच्या कायम कामगारांनी. त्यांनी मागणी केली की सफाईचं कंत्राट बंद करा आणि त्या माणसांना कंपनीत घ्या. ट्रायब्युनलनं मान्य केलं, कंपनी अपिलात गेली, आणि १९६० मध्ये सुप्रीम कोर्टानं कामगारांच्या बाजूनं निकाल दिला. कोर्टानं जे बघितलं ते साधं होतं. काम कायमचं आहे का? धंद्याला लागणारं आहे का? पूर्णवेळ माणसं लागतील एवढं आहे का? इतर ठिकाणी हेच काम स्वतःच्या माणसांकडून करून घेतात का? हीच कसोटी दहा वर्षांनी, १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्यात, कलम १० म्हणून येऊन बसली. देशभरातल्या सगळ्या कंत्राटी कामगारांचा कायदा, आणि त्याच्या मुळाशी ट्रॉम्बेचे झाडूवाले.

पुढं ९ डिसेंबर १९७६. केंद्र सरकारनं एक अधिसूचना काढली. केंद्राच्या अखत्यारीतल्या आस्थापनांच्या इमारतींमध्ये झाडणं, साफ करणं, धूळ पुसणं आणि पहारा, ही कामं कंत्राटी कामगारांकडून करून घ्यायची नाहीत. हे चार शब्द लक्षात ठेवा, परत येणार आहेत.

या कागदाच्या जोरावर मुंबईत एअर इंडियाचे सफाई कामगार लढले आणि १९९६ ला सुप्रीम कोर्टात जिंकले. कंत्राट बंद झालं म्हणजे माणसं आपोआप मूळ मालकाची, असं कोर्ट म्हणालं. पण ३० ऑगस्ट २००१ ला पाच न्यायमूर्तींच्या पीठानं स्टील ऑथॉरिटीच्या खटल्यात हे फिरवलं. आपोआप कायम होण्याचा हक्क नाही, आणि १९७६ ची ती अधिसूचनाही रद्द, कारण प्रत्येक आस्थापनेचा वेगळा विचार न करता सरसकट काढलेली होती. मला हा निकाल कायद्याच्या भाषेत समजतो. माणसाच्या भाषेत समजायला जड जातो.

आणि आता ते शब्द. २०२० मध्ये संसदेनं नवीन कामगार संहिता केल्या, त्या २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाल्या. त्यात म्हटलंय की धंद्याच्या मुख्य कामात कंत्राटी कामगार नकोत. मग मुख्य काम नाही ते कोणतं, याची यादी आहे. यादीत पहिलंच काय? झाडणं, साफ करणं, धूळ पुसणं, कचरा उचलणं. दुसरं, पहारा. म्हणजे १९७६ ला ज्या कामांत कंत्राट बंद केलं होतं, जवळजवळ त्याच शब्दांत २०२० ला ती कामं कंत्राटाला मोकळी केली. ४४ वर्षांत अर्थ पार उलटा.

कायद्यातून पळवाट काढायची कला पण याच काळात वाढली. १९७० चा कायदा २० किंवा जास्त कामगार असतील तरच लागू व्हायचा. मग काय, काम तुकड्यांत वाटा, प्रत्येक तुकड्यात २० पेक्षा कमी माणसं ठेवा. मुंबई महापालिकेनं कचरा उचलण्याचं काम असंच छोट्या संस्थांना दिलं. कामगार नाही म्हणायचं, स्वयंसेवक म्हणायचं. पगार नाही, मानधन. या पद्धतीला नाव होतं 'हैदराबाद पॅटर्न'. आपल्याला पॅटर्न म्हटलं की लातूर पॅटर्न आठवतो, बोर्डाच्या मेरिट लिस्टवाला. हा दुसरा. कचरा वाहतूक श्रमिक संघानं तो कोर्टात नेला आणि एप्रिल २०१७ मध्ये सुप्रीम कोर्टानं सुमारे २,७०० कामगारांना कायम करण्याचा निकाल कायम ठेवला. (कायमचा निकाल कायम. बोलताना मलाच हसू आलं.)

मध्येच एक गोष्ट बोललीच पाहिजे, नाहीतर हा भाग खोटा होईल. ही माणसं कोण? गुत्तेदार बदलले, कायदे बदलले, पण झाडू बहुतेक वेळा त्याच जातींच्या हातात राहिला. महाराष्ट्रानं लाड-पागे समितीच्या शिफारशींवरून १९७५ पासून सफाई कामगाराच्या वारसाला नोकरी द्यायचं धोरण घेतलं. त्यावर माझं मत अजून पक्कं होत नाही. एकीकडे घराला आधार, दुसरीकडे बापाचा झाडू पोराला. पण कंत्राटानं हा प्रश्न वेगळ्याच पद्धतीनं सोडवला: कायम पदच नाही, तर वारसाला द्यायचं काय?

सगळी खासगी एजन्सी वाईट असं मात्र मी म्हणत नाही. १९९७ साली सातारा जिल्ह्यातल्या रहिमतपूरच्या हणमंतराव गायकवाडांनी टाटा मोटर्सच्या पुण्यातल्या कारखान्यात सफाईचं काम घेतलं, आणि त्यातून बीव्हीजी ही देशातली मोठी कंपनी उभी राहिली. हाउसकीपिंग हा शब्द आपल्या तोंडी बसला तो याच काळात. त्या कारखान्यांत मशिनं आली, युनिफॉर्म आला, काम मोजायची पद्धत आली. कारण गिऱ्हाईक मोजत होतं. गिऱ्हाइकानं मोजलंच नाही, तर काय होतं?

त्यासाठी आधी थोडं विलायतेत. १९८३ ला थॅचरबाईंच्या सरकारनं तिथल्या सरकारी दवाखान्यांना सांगितलं, सफाई, जेवण, धुलाई यांची टेंडरं काढा. पैसे वाचले. पण पुढच्या वीसेक वर्षांत दवाखान्यातले सफाई कामगार निम्म्याच्या आसपास आले, आणि औषधांना न जुमानणाऱ्या जंतूंच्या संसर्गानं तिथले लोक हवालदिल झाले. सफाई कमी झाली म्हणूनच जंतू वाढले का, यावर तिथे खूप वाद झाला. स्कॉटलंडनं मात्र २००८ मध्ये वाद बाजूला ठेवला आणि दवाखान्याची सफाई खासगी कंत्राटात द्यायची नाही असं ठरवून टाकलं.

आता नांदेड. विष्णुपुरीचं डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि रुग्णालय. नांदेड, हिंगोली, परभणी, शिवाय तेलंगणातून पण पेशंट येतात. मंजूर खाटांपेक्षा कितीतरी जास्त लोक कायम भरती असतात. ३० सप्टेंबर ते १ ऑक्टोबर २०२३, या २४ तासांत तिथे २४ मृत्यू झाले. त्यात १२ नवजात बाळं. पुढच्या दिवसाचे धरून ३१. देशभर बातमी झाली, हायकोर्टानं स्वतःहून दखल घेतली.

३ ऑक्टोबरला हिंगोलीचे तेव्हाचे खासदार हेमंत पाटील तिथे आले. संडास बघितले. घाण होतीच. त्यांनी प्रभारी डीनना हातात ब्रश घेऊन संडास साफ करायला लावला आणि त्याचा व्हिडिओ तुमच्या-माझ्या सगळ्यांच्या फोनवर फिरला. डीन आदिवासी समाजातले. खासदारांवर सरकारी कामात अडथळ्याचा आणि ॲट्रॉसिटीचा गुन्हा दाखल झाला.

मृत्यू संडासामुळे झाले असं मी अजिबात म्हणत नाही. औषधं, माणसं, शेवटच्या घटकेला पाठवलेले पेशंट, अशी बरीच कारणं तेव्हा समोर आली. मला त्या व्हिडिओत दुसरंच खटकलं. खोलीत खासदार आहेत, डीन आहेत, कॅमेरा आहे. ज्यानं तो संडास रोज साफ करायचा, तो माणूस फ्रेममध्ये नाही. त्याची जागा भरलेली होती का रिकामी, त्याला पगार कोण देतं, त्या दिवशी किती संडासांना किती माणसं होती, हे त्या व्हिडिओत कुणी विचारलं नाही. त्याच महिन्यात २० ऑक्टोबरला राज्य सरकारनं नऊ एजन्सींमार्फत कंत्राटी भरतीचा जीआर रद्द केल्याचं जाहीर केलं. तरुणांनी मोर्चे काढले म्हणून. पण त्या मोर्च्यांत झाडूवाल्या मावशींचं नाव मी तरी ऐकलं नाही.

तर आता आपल्या लातूरच्या भावाची कोटेशन. हिशोब करू. सोपा आकडा घेतो: मावशींचा पगार १०,००० धरा. खरं किमान वेतन किती ते कामगार खात्याच्या वेबसाइटवर बघा, कारण महागाईनुसार ते वर्षातून दोनदा बदलतं. तर १०,००० वर मालकाचा पीएफ सगळं धरून १३ टक्के, म्हणजे १,३००. ईएसआय ३.२५ टक्के, ३२५. बोनस ८.३३ टक्के, ८३३. झाले १२,४५८. अजून एक पोछा विकत घेतलेला नाही. अभ्यासिका आठवड्याचे सातही दिवस चालू, मग मावशींच्या सुट्टीला बदली माणूस लागणार, त्याचे पैसे वेगळे. मग फिनाईल, ॲसिड, हातमोजे, एजन्सीचा नफा, आणि वर १८ टक्के जीएसटी.

या हिशोबात कुणी म्हणालं, "अकरा हजारात सगळं करून देतो," तर तो जादूगार नाही. तो सांगतोय की कुणाचे तरी पैसे मी ठेवून घेणार. कधी पीएफ भरतच नाही. कधी चार माणसांचं बिल लावून तीनच पाठवतो. कधी पगार खात्यात टाकतो आणि एटीएम कार्ड सुपरवायझरच्या खिशात असतं. एजन्सीवाला म्हणेल, "तुमच्याकडं पाचच माणसं, पीएफ लागू नाही." तिथे फसायचं नाही. पीएफसाठी २० ची मोजणी त्याच्या सगळ्या साइट मिळून होते, तुझ्या एका बिल्डिंगवर नाही.

आणि उद्या त्यानं पगार बुडवला तर? कायदा म्हणतो, ज्याच्या जागेत काम झालं त्याच्याकडून वसूल करा. हे १९७० च्या कायद्यात होतं, नव्या वेतन संहितेतही आहे. म्हणजे स्वस्त कोटेशनमधले वाचलेले पैसे तुझ्याकडे उधारीवर आलेले असतात.

लातूरवाल्यांसाठी एक खास कलम. कोटेशनमध्ये पाणी कोण देणार ते लिहून घे. हसू नका. २०१६ चा उन्हाळा आठवा. टाक्यांपाशी जमावबंदी लावली होती, आणि १२ एप्रिलला मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे ५ लाख लिटर पाणी घेऊन लातूरला आली. तेव्हा संडासात टाकायला पाणी कुठून आणायचं? टँकर कोणाच्या पैशानं? पाण्याविना पोछा म्हणजे घाण या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात नेणं.

आणि सेप्टिक टँक. एजन्सी म्हणेल, "ते पण आमचीच माणसं करतील." इथं मात्र नाही म्हणायचं. ११ मे २०२३ ला परभणी जिल्ह्यात, सोनपेठ तालुक्यातल्या भाऊचा तांडा शिवारात सेप्टिक टँक साफ करायला उतरलेली पाच माणसं गुदमरून मेली. आपल्या शेजारच्या जिल्ह्यात. २०१३ च्या कायद्यानं सुरक्षा साधनांशिवाय माणूस टाकीत उतरवणं हा गुन्हा आहे, पहिल्याच वेळी दोन वर्षांपर्यंत कैद. उतरवणारा गुत्तेदार असो की जागेचा मालक. मशीनची गाडी बोलवायची, विषय संपला.

मी त्याला मेसेज केला: तिघांनाही सांग, गेल्या तीन महिन्यांचं पीएफ चलन नावांच्या यादीसकट दाखवा. ते ज्या दुसऱ्या ठिकाणी काम करतात तिथे सुपरवायझर नसताना जा, तिथल्या मावशींना विचार हातात किती पडतात. तुझ्याकडे ज्या येणार त्यांच्या फोनवर, त्यांना विचारून, पीएफचं पासबुक उघडून बघ. पाच मिनिटांचं काम आहे, तुला येतं, बऱ्याच मावशींना येत नाही.

परवा उत्तर आलं. स्वस्तवाला म्हणाला, चलन-बिलन आम्ही देत नसतो. महागवाल्यानं पाठवलं, पण त्याचे पैसे परवडणार का याचा हिशोब अजून चाललाय. मधल्यानं पण चलन पाठवलं, बारा नावं होती. आमच्या भावानं फोटो काढून मला पाठवला आणि खाली लिहिलं, "दादा, आमच्याकडं ज्या मावशी येणार त्यांचं नाव यात नाही. विचारलं तर म्हणतो, त्या नवीन आहेत."

मी लिहिलं, मावशींनाच विचार, किती वर्षं झाली.

अजून रिप्लाय आलेला नाही. आला की पुढच्या भागात सांगतो.